'आढळले नाही' म्हणजे नेमके किती नाही?

वनौषधींच्या कल्पांसाठी जड धातूंचा तपासणी अहवाल ही आता आपल्या फार्मसींची नित्याची बाब झाली आहे. शिसे, पारद, सोमल आणि कॅडमियम अशी चार नावे एकाखाली एक, समोर पीपीएममधील मर्यादा आणि त्यापुढील रकान्यात बहुधा चारही ठिकाणी 'एन. डी.' म्हणजे 'नॉट डिटेक्टेड' ही अक्षरे. अहवाल फाईलमध्ये जातो, मालक निश्चिंत होतो, औषध बाजारात जाते आणि वैद्य ते विश्वासाने रुग्णाला देतो. या दोन अक्षरांमागे कोणते यंत्र होते, त्याची दृष्टी किती तीक्ष्ण होती आणि त्याला नेमके काय दिसू शकत नव्हते, हे विचारण्याची प्रथा आपल्या क्षेत्रात अद्याप रुजलेली नाही. ती रुजावी, या हेतूने हे विवेचन करीत आहे.

चरकाचार्यांनी सूत्रस्थानातील तिस्रैषणीय अध्यायात प्रत्यक्ष प्रमाणाचे क्षेत्र अल्प असल्याचे सांगून, वस्तू अस्तित्वात असूनही इंद्रियांना न दिसण्याची कारणे दिली आहेत. अतिसान्निध्य, अतिदूरत्व, आवरण, करणदौर्बल्य, मनाची अनवस्था, समानाभिहार, अभिभव आणि अतिसौक्ष्म्य ही ती आठ कारणे होत. आपण ती पदवीच्या पहिल्या वर्षी पाठ केली आणि परीक्षेनंतर विसरलो. परंतु प्रकाशाच्या शोषणावरून रासायनिक द्रव्य ओळखणाऱ्या यंत्रांचा गेल्या सत्तर वर्षांचा इतिहास पाहिला, तर संशोधक यांपैकी निदान चार-पाच कारणांशीच झगडत आले आहेत, असे दिसते. न दिसणे आणि नसणे यांतील भेद आपल्या शास्त्राला पूर्वीपासून अवगत आहे. तपासणी अहवाल वाचताना मात्र आपण तो विसरतो.

या मापनाचे मूळ तत्त्व साधे आहे. प्रत्येक मूलद्रव्याचे मुक्त अणू ठरावीक तरंगलांबीचाच प्रकाश शोषतात. पारदाची नेहमी वापरली जाणारी रेषा २५३.७ नॅनोमीटरवर, शिशाची २८३.३ वर, कॅडमियमची २२८.८ वर आणि सोमलाची १९३.७ वर असते. त्या तरंगलांबीचा प्रकाश नमुन्याच्या वाफेतून पाठवावयाचा आणि किती उणा झाला ते मोजावयाचे. बूगेर, लॅम्बर्ट आणि बीअर यांनी अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत सांगितलेल्या नियमाप्रमाणे शोषण हे द्रव्याच्या प्रमाणाशी आणि प्रकाशाने कापलेल्या अंतराशी समप्रमाणात असते. या तत्त्वाला मूलद्रव्य-विश्लेषणाचे व्यवहार्य साधन केले ते मेलबर्न येथील अ‍ॅलन वॉल्श यांनी. त्यांचा निबंध १९५५ साली प्रसिद्ध झाला. त्यांची युक्ती अशी की, ज्या धातूचा शोध घ्यावयाचा त्याच धातूचा दिवा वापरावा, म्हणजे दिव्यातून त्या अणूला हवा तोच प्रकाश निघेल. शिवाय दिव्याचा प्रकाश ठरावीक गतीने खंडित करून पाठवावा आणि यंत्राने तेवढाच खंडित प्रकाश मोजावा, म्हणजे ज्योतीचा स्वतःचा अखंड प्रकाश हिशेबात येणार नाही. सूर्यतेजात तारे लोपतात तो अभिभव. त्याला उत्तर म्हणून वॉल्श यांनी ज्योत न विझवता तिचे तेज हिशेबातून वगळले.

मग अडचण कोठे उरली? अल्प शोषण मोजणे म्हणजे दोन मोठ्या राशींतील लहानसा फरक काढणे होय. शंभर भाग प्रकाश गेला आणि नव्व्याण्णव भाग आला, तर त्या एका भागावरून धातूचे प्रमाण ठरवावयाचे. दिवा स्वतःच एक भागाने कमी-अधिक होत असेल तर काय ठरवणार? अवलेहाने भरलेली कढई प्रथम तोलावी, मग त्यात चिमूटभर केशर टाकून पुन्हा तोलावी आणि दोन वजनांच्या वजाबाकीतून केशराचे वजन काढावे, असा हा प्रकार आहे. काटा थोडा जरी हलणारा असला तरी केशर 'आढळत नाही'. म्हणून संवेदनक्षमता वाढविण्याचे दोनच मार्ग राहतात. एक तर काट्याचे हलणे कमी करावयाचे, नाहीतर कढई लहान करून केशर जास्त टाकावयाचे. यंत्रातील दोन किरणांची रचना, पार्श्वभूमीचे शोषण वजा करण्यासाठी ड्यूटेरियमचा दिवा अथवा चुंबकीय क्षेत्राचा वापर, एकाच नमुन्याची अनेक वाचने घेऊन सरासरी काढणे, हे सर्व पहिल्या मार्गातील उपाय. चार वाचनांच्या सरासरीने यदृच्छ चलबिचल निम्मी होते आणि सोळा वाचनांनी चतुर्थांश, त्यामुळे हा मार्ग लवकरच महाग पडू लागतो.

दुसरा मार्ग अधिक फलदायी ठरला. ज्योतीच्या पद्धतीत नमुन्याचे द्रावण फवारले जाते. त्याचा जेमतेम दहावा भाग ज्योतीपर्यंत पोहोचतो, उरलेले सर्व नळीवाटे वाहून जाते. जे पोहोचते तेही प्रकाशाच्या मार्गात काही सहस्रांश सेकंदच टिकते. लेनिनग्राडमधील बोरिस ल्वोव यांनी १९५९ च्या सुमारास ज्योत बाजूला ठेवून ग्राफाइटची विद्युत्-तप्त भट्टी वापरली. अल्पसा नमुना, आजच्या यंत्रांत सुमारे वीस मायक्रोलिटर, त्या नळीत ठेवावयाचा, प्रथम वाळवावयाचा, मग सेंद्रिय भाग जाळावयाचा आणि अखेरीस एकदम प्रखर तापवून धातूचे अणू मुक्त करावयाचे. सर्व नमुना प्रकाशाच्या मार्गात येतो आणि त्या बंदिस्त जागेत अधिक वेळ थांबतो. येवढ्या बदलाने शिसे आणि कॅडमियम यांच्याबाबत संवेदनक्षमता शंभरपटीने आणि त्याहूनही अधिक वाढली. पुटपाकाची सवय असलेल्या आपल्या मंडळींना यातील क्रमवार अग्नीचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. नमुना जाळताना अग्नी जास्त झाला तर शिसेच उडून जाते आणि कमी झाला तर वनस्पतीचा उरलेला धूर प्रकाश अडवतो. म्हणून अमोनियम फॉस्फेटसारखे सहायक द्रव्य घालून शिसे 'अग्निसह' करावे लागते.

पारदाची कथा निराळी, आणि आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची. ज्योतीच्या पद्धतीत पारद फार क्षीणपणे दिसतो. त्याची प्रबळ रेषा १८४.९ नॅनोमीटरवर आहे, आणि तेथील प्रकाश हवेतच शोषला जातो. २५३.७ ची रेषा सोयीची खरी, पण ती तितकी बळकट नाही. मात्र पारद हा एकच धातू असा की जो साध्या तपमानालाही वाफेच्या रूपाने मुक्त अणू देतो. हॅच आणि ऑट यांनी १९६८ साली याच गुणाचा उपयोग केला. द्रावणातील पारद स्टॅनस क्लोराईडने धातुरूपात आणावयाचा, हवेचे बुडबुडे सोडून त्याची वाफ काढावयाची आणि लांब नळीत प्रकाशापुढे धरावयाची. ज्योत नाही म्हणून तिचा झगमगाट नाही, फवारा नाही म्हणून नासाडी नाही, आणि नळी लांब म्हणून शोषण जास्त. 'कोल्ड व्हेपर' या नावाने ही पद्धत आज सर्वत्र रूढ आहे.

यावरही ताण करणारी युक्ती ऐकली की रसशास्त्राच्या अभ्यासकाला हसू आल्याखेरीज राहत नाही. पारदाची वाफ सोन्याच्या बारीक तारांवरून अथवा सुवर्णलेपित वाळूवरून नेतात. सोने पारदाला धरून ठेवते. पुष्कळ हवा गेली आणि सर्व पारद सोन्यावर साठला की सोने एकदम तापवितात, आणि साठलेला सारा पारद एका झटक्यात प्रकाशापुढे येतो. दहा मिनिटांत विखुरलेला संकेत दहा सेकंदांत एकवटला की तो ठळक होणारच. मकरध्वजासाठी सुवर्णपत्रे पारदात मर्दन करताना जो संयोग आपण खलात पाहतो, तोच येथे पारदाचा लेश पकडण्यासाठी योजला आहे. सोमलासाठीही अशीच सोय आहे. सोडियम बोरोहायड्राईडने त्याचा वायू बनवून तो तप्त क्वार्ट्झ नळीत नेतात. एकोणिसाव्या शतकातील मार्शच्या विषपरीक्षेचीच ती सुधारित वंशज म्हणावी.

आता प्रत्यक्ष हिशेबाकडे येऊ. आयुर्वेदीय फार्माकोपियाप्रमाणे वनौषधींतील मर्यादा शिसे १० पीपीएम, सोमल ३, पारद १ आणि कॅडमियम ०.३ पीपीएम अशा आहेत. प्रयोगशाळा साधारणपणे अर्धा ग्रॅम चूर्ण आम्लात विरघळवून ५० मिलिलिटर द्रावण करते, असे धरू. म्हणजे चूर्णातील प्रत्येक धातू शंभरपट पातळ झाला. मर्यादेइतकाच धातू असलेल्या चूर्णाच्या या द्रावणात शिसे अब्जांश भागांत शंभर, सोमल तीस, पारद दहा आणि कॅडमियम अवघे तीन भाग असेल. साध्या ज्योतीच्या यंत्राला शिसे सुमारे दहा ते वीस भागांपासून दिसू लागते, तेव्हा तेथे कसेबसे निभावते. कॅडमियम सुमारे एका भागापासून दिसते, पण विश्वसनीय मोजणी तीन-चार भागांच्या पुढेच होते, म्हणजे ऐन मर्यादेवर यंत्र चाचपडते. सोमल शंभराहून अधिक भाग असल्याशिवाय दिसत नाही. पारद तर दोनशेच्या आसपास पोहोचल्यावर दिसतो.

याचा अर्थ असा की, ज्योतीच्या यंत्रावर पारद तपासला तर चूर्णात वीस पीपीएमपर्यंत, म्हणजे मर्यादेच्या वीसपट, पारद असतानाही अहवालावर प्रामाणिकपणे 'एन. डी.' लिहिता येते. यात कोणी खोटे बोललेले नसते. यंत्राला दिसले नाही, हे सत्यच असते. करणदौर्बल्याचे याहून स्पष्ट उदाहरण कोणते द्यावे?

माझ्या परिचयातील एका लहान फार्मसीच्या गुग्गुळकल्पाच्या एकाच घाणीचे दोन नमुने दोन प्रयोगशाळांकडे गेले होते. पहिल्या अहवालात चारही धातूंपुढे 'एन. डी.' होते. दुसऱ्यात शिसे ३.१ आणि कॅडमियम ०.४२ पीपीएम आले, म्हणजे कॅडमियम मर्यादेबाहेर. मालकाचा पहिला समज असा झाला की दुसरी प्रयोगशाळा चुकली. चौकशीअंती कळले की पहिलीने अर्ध्या ग्रॅमचे शंभर मिलिलिटर करून ज्योतीवर वाचन घेतले होते, दुसरीने ग्राफाइट भट्टी वापरली होती. दोन्ही अहवाल आपापल्या जागी खरे होते. फक्त पहिल्यावर यंत्राची शोधमर्यादा लिहिलेली नव्हती, आणि ती लिहावी असे कोणी सांगितलेलेही नव्हते.

शोधमर्यादा म्हणजे काय, हेही थोडक्यात सांगतो. धातुविरहित कोऱ्या द्रावणाची अनेक वाचने घेतात. तीही थोडी वर-खाली होतात. त्या प्रमाण-विचलनाच्या तिप्पट संकेत आला तर द्रव्य 'आहे' म्हणावे आणि दहापट आला तर 'इतके आहे' म्हणावे, असा संकेत रूढ आहे. अहवालावर या दोन्ही संख्या, त्याही मूळ चूर्णाच्या हिशेबाने, छापलेल्या असाव्यात, ही आपली पहिली मागणी असली पाहिजे. 'एन. डी.' ऐवजी 'पारद ०.०५ पीपीएमपेक्षा कमी' असे लिहून आले, तर त्याला अर्थ आहे. नुसती दोन अक्षरे रिकाम्या कुपीवर लावलेल्या लेबलाप्रमाणे आहेत.

यंत्र उत्तम असूनही पारद निसटण्याची आणखी एक वाट आहे, आणि तिच्याकडे यंत्रविक्रेते सहसा लक्ष वेधत नाहीत. आपल्याकडील वनौषधी चूर्णात पारद येण्याची सर्वांत संभवनीय वाट कोणती? ज्या खलात, चाळणीत वा गोळ्यांच्या यंत्रात कज्जलीयुक्त कल्प झाले, त्याच उपकरणात पुढे वनौषधी घेणे. अशा वेळी पारद गंधकाशी संयुक्त स्वरूपात असतो, आणि पारदाचा गंधकसंयोग केवळ नायट्रिक आम्लात सहजी विरघळत नाही. त्याला हायड्रोक्लोरिक आणि नायट्रिक यांचे मिश्रण, म्हणजे अम्लराज, लागतो. केवळ नायट्रिकमध्ये उकळून गाळून घेतले, तर कज्जलीचे कण गाळणीवरच राहतात आणि यंत्रापुढे स्वच्छ द्रावण येते. हे आवरण होय. याउलट नमुना उघड्या मुशीत भट्टीत जाळला तर पारद उडून जातो. तो अग्नीवर टिकत नाही, हे आपल्याला कोणी सांगावयास हवे असे नाही. म्हणून बंद पात्रात, दाबाखाली, दोन्ही आम्लांसह पाचन झाले की नाही, हा प्रश्न यंत्राच्या मॉडेलपेक्षा अधिक मोलाचा आहे.

याची परीक्षा करण्याची एक सोपी रीत सुचवितो. समगुण कज्जलीत वजनाने निम्मा पारद असतो. एक ग्रॅम कज्जली ९९ ग्रॅम शुद्ध हरीतकी चूर्णात चांगली घोटावी. त्यातील एक ग्रॅम पुन्हा ९९ ग्रॅम चूर्णात घोटावे, म्हणजे ५० पीपीएम पारदाचे चूर्ण झाले. त्यातील २० ग्रॅम घेऊन ८० ग्रॅम चूर्णात मिसळले की १० पीपीएमचा नमुना तयार होतो. मिश्रण प्रत्येक पायरीस दीर्घकाळ घोटावे. तेच चूर्ण कज्जलीविना दुसऱ्या पुडीत भरावे आणि दोन्ही पुड्या केवळ क्रमांक घालून प्रयोगशाळेकडे पाठवाव्यात. एकीत दहाच्या आसपास आणि दुसरीत एकापेक्षा बरेच कमी आले तर ती प्रयोगशाळा भरवशाची. दोन्हींत 'एन. डी.' आले तर पुढे काय करावयाचे ते मालकाने ठरवावे. या कामाचा खल मात्र स्वतंत्र असावा आणि उरलेले चूर्ण औषधाजवळ फिरकू नये.

या विषयावर वैद्यमंडळींशी बोलताना एक आक्षेप हमखास येतो. 'जितके सूक्ष्म शोधाल तितके सापडेल. मातीतच शिसे आहे, मग मुळांत येणारच. असल्या तीक्ष्ण यंत्रांनी आयुर्वेदाची बदनामीच होईल.' हा आक्षेप पूर्णपणे निराधार नाही. बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारद वा सोमल आढळल्याचा निबंध डिसेंबर २००४ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आला आणि जगभर गवगवा झाला. तेथील मापन एक्स-रे फ्लुरोसन्सने झाले होते. २००८ च्या दुसऱ्या निबंधात इंटरनेटवरून घेतलेल्या १९३ उत्पादनांपैकी सुमारे पंचमांशात धातू आढळले, आणि त्यांत अमेरिकेत बनलेल्या उत्पादनांचे प्रमाण भारतीय उत्पादनांहून कमी नव्हते. वृत्तपत्रांनी हा दुसरा भाग फारसा छापला नाही. मधल्या काळात आपल्या शासनाने निर्यातीच्या वनौषधी कल्पांसाठी १ जानेवारी २००६ पासून धातुतपासणी अनिवार्य केली.

परंतु या साऱ्यातून संवेदनक्षम मापन शत्रू ठरत नाही. यंत्र तीक्ष्ण झाल्याने मर्यादा बदलत नाही. दहा पीपीएम हे दहाच राहतात. मर्यादेखालील तीन पीपीएम शिसे आकड्याने दाखविता आले तर आपली बाजू बळकटच होते, कारण 'आहे, पण मर्यादेच्या तिसऱ्या हिश्श्याइतके' हे उत्तर पुराव्यासह देता येते. 'एन. डी.' म्हणणारा मात्र परदेशी प्रयोगशाळेने तीन पीपीएम दाखविताच खोटा ठरतो. शिवाय हळदीला तेजस्वी रंग यावा म्हणून लेड क्रोमेट मिसळण्याचा दुष्ट व्यवहार उपखंडात उघडकीस आलेला आहे. अशा हळदीचे पोते आपल्या गोदामात आले तर ते आपल्याला प्रथम कळावे की रुग्णाच्या रक्ततपासणीत?

रसौषधींविषयी मात्र स्पष्ट बोलले पाहिजे, कारण तेथे हा सारा खटाटोप गैरलागू आहे. रससिंदुरात पारद हा अपद्रव्य नसून घटक आहे. तेथे सूक्ष्म शोधाची गरज नाही, आणि त्याचे टक्केवारीतील प्रमाण कोणतेही यंत्र सांगेल. अणुशोषणाचे यंत्र एकूण पारद सांगते. तो गंधकाशी बद्ध आहे की मुक्त, हे सांगत नाही, कारण मोजण्यापूर्वीच आपण सर्व बंध तोडलेले असतात. ते एक्स-रे डिफ्रॅक्शनसारख्या अन्य परीक्षेचे काम आहे. भस्मांच्या बाबतीत वारितर, रेखापूर्ण, अपुनर्भव, निरुत्थ या परीक्षा आपण जपल्या पाहिजेत. अभ्रकाची निश्चंद्रत्व परीक्षा तर प्रकाशावरच आधारलेली आहे. सूर्यप्रकाशात एकही चमकता कण दिसता कामा नये, असा तिचा कटाक्ष आहे. तेथे साध्या डोळ्याऐवजी भिंग वापरले तर शास्त्राचा अपमान होतो, असे मला वाटत नाही. रसकल्पांचे अहवाल आणि वनौषधींचे अहवाल एकाच छापील नमुन्यावर देण्याची जी पद्धत पडली आहे, ती बंद व्हावी.

खर्चाचा प्रश्न खरा आहे. ग्राफाइट भट्टीचे यंत्र लहान फार्मसीने विकत घ्यावे, असे कोणी म्हणणार नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांतील १६०-अ आणि पुढील नियमांन्वये मान्यताप्राप्त प्रयोगशाळा उपलब्ध आहेत. आपण नमुना पाठविताना सोबतच्या पत्रात चारच ओळी लिहाव्यात. पारद कोल्ड व्हेपरने, सोमल हायड्राईड पद्धतीने, शिसे व कॅडमियम ग्राफाइट भट्टीवर मोजावेत. त्याच तोडीची अन्य पद्धत, उदाहरणार्थ आयसीपी-एमएस, असल्यास तिचे नाव लिहावे. पाचन बंद पात्रात दोन्ही आम्लांनी व्हावे. नमुन्याचे वजन, द्रावणाचे आकारमान, शोधमर्यादा आणि मापनमर्यादा अहवालावर छापाव्यात. आणि नमुना पोत्याच्या तोंडाशी असलेल्या मूठभर चूर्णाचा नसावा. निरनिराळ्या पोत्यांतून, वरून, मधून व तळातून घेऊन, एकत्र करून, चौथाई करीत करीत उरलेला असावा, कारण शेवटी यंत्रात जाणार आहे तो अर्धा ग्रॅमच. एकेकट्या फार्मसीने अशी मागणी केली तर उत्तर येण्यास विलंब लागतो. जिल्हा शाखेने दहा-बारा फार्मसींचे नमुने एकत्रित, एकाच पत्रासह पाठविले, तर दरही उतरतो आणि त्या चार ओळींचे उत्तरही वेळेवर येते.